डोकं सांभाळा

कपाळावरचं टेंगूळ परवा लिंबाएवढं होतं, आज सुपारीवर आलंय. ऑफिसात विचारतात, काय झालं? विशाखापट्टणमला पाणबुडीत लागलं म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

पाणबुडीचा हट्ट बायकोचा. उभा जन्म मुंबईत गेला आणि तिथे संग्रहालय करून ठेवलेली जुनी युद्धनौका विक्रांत बघायची राहिली. ‘जाऊ की, कुठे पळून जातेय’ असं मी दरवर्षी म्हणायचो. ती २०१२मध्ये लोकांसाठी बंद झाली, २०१४मध्ये भंगारात निघाली आणि तिचं लोखंड वितळवून मोटारसायकलीत घातलं. तशी एक मेव्हण्याकडे आहे. सिग्नलला थांबला की टाकीवर थाप मारून ‘विक्रांत!’ म्हणतो. आम्हाला घडलं ते दर्शन एवढंच. म्हणून या वेळी ‘कुरसुरा’.

किनाऱ्यावर आणून ठेवलेली ही ९१ मीटरची पाणबुडी बाहेरून भलीमोठी दिसते. आत शिरल्यावर कळतं की सगळी जागा यंत्रांची. माणसाने आपलं अंग चोरून उरल्यासुरल्यात मावायचं.

“मराठी का?” मागून आवाज आला.

परमुलखात मराठी कानावर पडलं की जीव सुखावतो. साधारण दोन मिनिटं. पांढरी टोपी, पोटावर पाऊच, उंची जेमतेम पाच फूट, असे एक काका. माहिती द्यायला नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. स्वच्छ हिंदी बोलत होते. काकांनी त्या हिंदीचं आमच्यासाठी मराठी करायला घेतलं.

“उनहत्तर में नौसेना में आई.”

“एकोणसत्तर साली नौदलात आली,” काका म्हणाले. “माझी मुंज त्याच साली.”

“इकहत्तर की जंग में गश्त लगाई.”

“एकाहत्तरच्या युद्धात गस्त घातली. तेव्हा आम्ही खिडक्यांना काळे कागद लावायचो.”

“पचहत्तर के आसपास लोग रहते थे.”

“पंच्याहत्तरेक माणसं! आमच्या सोसायटीत चाळीस बिऱ्हाडं, तरी पार्किंगवरून पोलीस येतात.”

आम्हाला हिंदी येतं हो, असं मी दोनदा म्हणालो. “असू दे, असू दे,” काका म्हणाले, जणू मी आभार मानत होतो. पुढेपुढे तर ते नौदलवाले गृहस्थही काकांचं संपेपर्यंत थांबायला लागले.

एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाकावं लागतं. मी वाकलो, पण कमी पडलो. टण्ण! मागून काका : “डोकं सांभाळा.” पुढच्या दाराला पुन्हा टण्ण, पुन्हा “डोकं सांभाळा.” सूचना आपटायच्या आधी द्यायची असते, हे या माणसाला कुणी कधी सांगितलंच नसावं. तिसऱ्या वेळी ते गाईडकडे वळून म्हणाले, “तीन हो गए.” हे मात्र हिंदीत.

टॉर्पेडोंच्या शेजारी झोपायच्या फळ्या होत्या. “इथे माणसं दिवसचे दिवस राहायची, आंघोळीला पाणीसुद्धा मोजून,” बायको म्हणाली, “आणि आमच्या यांना वीस मिनिटांत बर्फ हवा.” हे ती काकांना सांगत होती.

तेही चाललं असतं. पण पाण्याखाली इंजिन कसं चालतं, हे मुलाने विचारलं. आदल्या रात्री जागून वाचलेलं मी सगळं सांगितलं : डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खाली बॅटरीवर चालायचं, मग वर येऊन, नळी पाण्याबाहेर काढून, इंजिन सुरू करून... मुलाचं लक्ष घड्याळांच्या काट्यांकडे. काका म्हणाले, “मोबाईल रे. उतरला की चार्जिंगला लावायचा.” “अच्छा!” मुलगा म्हणाला. या ‘अच्छा’साठी मी सहा वर्षं शाळेची फी भरतोय.

बाहेर आल्यावर काकांनी आपणहून आमचा फोटो काढून दिला. हॉटेलवर गेल्यावर तो नीट पाहिला. पाणबुडी आलीय, समुद्र आलाय, बायको, मुलगा, सासूबाई, मागून चाललेला फुगेवालासुद्धा आलाय. माझ्या डोक्यावर तेवढा काकांचा अंगठा आहे.