सोनाराच्या काट्यावर हत्ती : एका प्रतिक्रियेला उत्तर

रक्ताच्या थेंबातून वेदनाशामकं ओळखणाऱ्या सेन्सरवरचा माझा लेख तुम्हाला 'आकड्यांची आरती' वाटला. 'इतकं सोपं असतं तर ग्लुकोमीटरशेजारी हेही यंत्र नसतं का? आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा आहेतच की,' असंही तुम्ही लिहिलंत. झोंबलं, पण निम्मं खरं आहे.

शोधमर्यादा (सेन्सरला ओळखता येणारं सर्वात कमी प्रमाण) नॅनोमोलरपर्यंत, म्हणजे अतिसूक्ष्म प्रमाणापर्यंत गेली याचं मी नको तितकं कौतुक केलं. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस घेतल्यावर रक्तात लिटरला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम सापडतं. एकदम जास्त गोळ्या घेतल्यावर चार तासांनी 150 मिलिग्रॅम भरलं तर विषावरचा उतारा सुरू करतात. ब्रिटनने उपचाराची ही मर्यादा 2012 साली 100 वर आणली. 150 मिलिग्रॅम म्हणजे जवळपास 1 मिलिमोलर, नॅनोमोलरच्या दहा लाखपट! हत्ती तोलायला सोनाराचा काटा कशाला?

खरी अडचण रक्तातल्या इतर रेणूंच्या गर्दीची. सेन्सरच्या इलेक्ट्रोडला (विजेच्या टोकाला) रेणूचं नाव कळत नाही, कोणत्या व्होल्टेजला त्यातून इलेक्ट्रॉन सुटले (म्हणजे ऑक्सिडेशन झालं) एवढंच कळतं. साध्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर रक्तातलं युरिक ॲसिड आणि पॅरासिटामॉल यांची शिखरं (विद्युतप्रवाहाचे उंचवटे) एकमेकांना खेटून येतात. त्यात रक्तातली प्रथिनं इलेक्ट्रोडवर साय धरतात. बफरमध्ये (प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात) झकास चालणारी सेन्सरची पट्टी रक्तात मान टाकते ती यामुळे.

पण म्हणून यावर इलाजच नाही, हे पटत नाही. इलेक्ट्रोडवर नाफिऑन या पॉलिमरचा पातळ थर देता येतो, तो ऋणभारित असतो. रक्ताच्या पीएचला युरिक ॲसिड आणि क जीवनसत्त्वही ऋणभारित, म्हणून ती बरीचशी बाहेरच अडतात. पॅरासिटामॉलवर भार नसल्याने ते आत शिरतं. आणि ग्लुकोजचंच उदाहरण घ्यायचं तर, शरीरावर लावायचे काही ग्लुकोज सेन्सर पॅरासिटामॉल घेतल्यावर साखर खोटीच वाढलेली दाखवतात, कारण त्यांच्या व्होल्टेजला त्याचंही ऑक्सिडेशन होतं. नको तिथे ते आयतं सापडतंय! (गंमत म्हणजे इलेक्ट्रोडवर जो पदार्थ तयार होतो, तोच यकृतात तयार होऊन विषबाधा करतो.)

प्रयोगशाळा आहेत, कबूल. पण एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या 8 तासांत दिला तर सर्वाधिक गुण येतो, आणि काही रुग्ण उशिरानेच पोचतात. नमुना पाठवून आकड्याची वाट पाहण्यात त्यातलाच वेळ जातो.

माझी एक चूक तुमच्याही नजरेतून सुटली. आयबुप्रोफेनचं ऑक्सिडेशन सहजी होत नाही, शिवाय ते 99 टक्के प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्याला ही पट्टी चालणार नाही. म्हणून लेखाच्या शीर्षकातलं 'वेदनाशामकं' खोडून 'पॅरासिटामॉल' केलं आहे.