भीती नेमकी कशाची होती?

लेखात म्हटलंय की नर्गिस चक्रीवादळानंतर म्यानमारच्या लष्करी सरकारने मदत अडवली ती परकीय आक्रमणाच्या भीतीने. अर्धंच पटलं. अमेरिकेची, फ्रान्सची जहाजं किनाऱ्याबाहेर उभी होती हे खरं, पण व्हिसा तर यूएनच्या माणसांचेही लटकवले होते, ते काय रणगाडे घेऊन येणार होते का? वादळ आलं २ मे २००८ ला आणि १० मेला यांचं नव्या घटनेवर सार्वमत, म्हणजे इरावती नदीच्या मुखाकडे प्रेतं तरंगतायत आणि बाकी देशात मतदान चालू, बाधित भागात तेवढं २४ मेपर्यंत ढकललं. अशात बाहेरचे डोळे कोणाला हवेत? सामान द्या, माणसं नकोत, हा सरळ हिशोब.

२६ जुलैच्या पुरात आमच्या कुर्ल्यातही तांदळाच्या पिशव्यांवर एका नेत्याचा फोटो होता (ती खोड सगळीकडे सारखीच), पण गल्लीतल्या पोरांनी छातीभर पाण्यातून दूध आणून वाटलं तेव्हा कोणी परवानगी विचारली नाही. तिकडे झारगनार नावाच्या नामांकित विनोदी नटाने स्वतः मदत गोळा करून वाटली, परदेशी मीडियाशी बोलला, तर जूनमध्ये उचलला आणि शिक्षा किती, ५९ वर्षं! नंतर कमी केली, सुटला २०११ मध्ये. लेखात त्याचं नावही नाही.