परप्रकाशी पृथ्वी चंद्राला काय उजेड देणार? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सरच म्हणतो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. द्वितीया-तृतीयेला चंद्रकोरीच्या कुशीत बाकीचा गोलही अंधुक दिसतो, तो ‘पृथ्वीच्या आरशातून’ गेलेल्या उजेडामुळे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. पृथ्वी स्वतःच परप्रकाशी, ती दुसऱ्याला काय उजेड देणार? देत असेल तर अष्टमीला तो गोल का दिसत नाही? आणि चंद्र डांबरी रस्त्यासारखा काळपट, हे माझं म्हणणं तर ‘काहीच्या काही’.

डांबराचं आधी उरकतो. चंद्रावर पडलेल्या उजेडातला जेमतेम बारा टक्के परत फिरतो, बाकीचा तिथली माती पिऊन टाकते. तरी पौर्णिमेला तो लख्ख दिसतो, कारण त्याच्यावर ऊन पडलेलं असतं आणि मागे काळंकुट्ट आकाश असतं. रात्री पन्हाळ्याचा घाट चढताना गाडीच्या दिव्यात रस्ता पांढरट दिसतो, म्हणून तो चुन्याचा ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण थेट मूर्तीपर्यंत पोचतात, त्या किरणोत्सवाचा दाखला तुम्ही दिलात: किरण थेट पोचला तरच उजेड, वाटेत इमारत आली की संपलं. थेट किरणापुरतं हे अगदी खरं आहे. पण किरण देवळाच्या गरुड मंडपातच थांबला तरी आजूबाजूचे खांब दिसतात की नाही? त्यांच्यावर ऊन पडलेलं नसतं. फरशीवर पडलेलं ऊन उसळून त्यांच्यापर्यंत गेलेलं असतं. आमच्या घराचंच सांगतो. शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी बोळाकडची भिंत पांढरी रंगवली आणि आमच्या स्वयंपाकघरात सकाळी दिवा लावायची गरज उरली नाही. भिंत परप्रकाशीच होती आणि आहे.

इथेच माझी चूक कबूल करतो. ‘आरसा असता तर एका जागी कवडसा पडला असता’ हे तुमचं वाक्य बिनतोड आहे. पृथ्वी आरसा नाही, रंगवलेल्या भिंतीसारखी आहे. उजेड सगळीकडे विखरून टाकते, आणि त्यात मोठा वाटा ढगांचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्दो दा विंचीने या अंधुक उजेडाचं कारण बरोबर ओळखलं, पण श्रेय दिलं ते समुद्राच्या पाण्याला. त्याच्या पंगतीत बसायला मिळालं हा आनंद असला, तरी चूक ती चूकच.

हा उजेड किती असतो? पृथ्वीचा व्यास चंद्राच्या पावणेचार पट, म्हणजे चंद्रावरून दिसणारी तिची थाळी तेरा-चौदा पट मोठी. शिवाय ती सुमारे तीस टक्के ऊन परतवते. त्यामुळे चंद्रावर उभं राहून पाहिलेली ‘पूर्ण पृथ्वी’ आपल्या पौर्णिमेच्या चंद्राहून चाळीसेक पट तेजस्वी ठरते. चांदण्यात आपल्याला वाट दिसते, मग याच्या कितीतरी पट चांदण्यात चंद्राची जमीन अंधुक दिसली तर नवल काय? ऊन आधी पृथ्वीवर येतं, तिथून चंद्रावर जातं आणि पुन्हा आपल्या डोळ्यांत उतरतं. दोनदा उसनवारी होते, म्हणून तर ते एवढं फिकं.

अष्टमीचा प्रश्न मात्र झकास आहे, आणि लेखात मी तो टाळलाच होता. चंद्रावरून पृथ्वीच्या कला उलट्या दिसतात. आपली अमावस्या तेव्हा तिथे पूर्ण पृथ्वी, आपली पौर्णिमा तेव्हा तिथे पृथ्वीची अमावस्या. अष्टमीला तिथे अर्धीच पृथ्वी उजळलेली असते आणि तिचा उजेड निम्म्याहूनही कमी भरतो. त्याच वेळी इकडे चंद्राचा उन्हातला अर्धा भाग एवढा झगझगीत झालेला असतो, की त्याच्या शेजारचं मंद काही डोळ्यांना टिपता येत नाही.

खग्रास ग्रहणातला तांबूस चंद्र हे प्रकरण वेगळं, त्याची यात गल्लत नको. तेव्हा पृथ्वीची रात्रीची बाजू चंद्राकडे असते, आणि तिच्या वातावरणाच्या कडेतून वाकून गेलेला लाल उजेड तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो.

राहता राहिलं ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं’ हे तुमचं वाक्य. आर्यभटाने 499 साली चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळतो आणि उरलेला स्वतःच्याच सावलीत राहतो, हे स्पष्ट लिहिलं, आणि तेही पृथ्वी आणि ग्रहांसकट. चंद्र पाण्याचा आहे असंही तो म्हणतो. पहिलं डोक्यावर घेऊ, दुसरं सोडून देऊ.

मूळ लेखातला ‘आरसा’ काढून तिथे ‘पांढरी भिंत’ केली आहे. तुम्ही रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरता म्हणता, तर पुढच्या शुद्ध तृतीयेला आभाळ मोकळं असलं की सूर्यास्तानंतर पाऊण तासाने चौपाटीवर थांबा. उजळ कोर एखाद्या दिव्याच्या खांबाआड जाईल असं उभं राहा आणि उरलेला गोल बघा. मी भेळेच्या गाड्यांपाशी असेन, दुर्बीण घेऊन.