आवळायचं किती, ते लिहा की!

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून 450 रुपयांचं पुस्तक आणलं. कव्हरवर ठळक अक्षरात, ‘सर्व पेट्रोल गाड्यांची दुरुस्ती घरच्या घरी’. वर प्लास्टिक गुंडाळलेलं. जरा चाळून बघू द्या म्हटलं तर दुकानदार म्हणतो, "फाडलं की घ्यावंच लागंल." घेतलं. परभणीला येऊन उघडतो तर निम्मं पुस्तक कार्ब्युरेटरवर, म्हणजे जुन्या गाड्यांत पेट्रोल अन् हवा मिसळणाऱ्या भागावर! माझी गाडी 2009 ची, फ्युएल इंजेक्शनची. तिला कार्ब्युरेटरच नाही. मग ‘सर्व’ कशाला छापता हो? लोकांचे पैसे वर आलेत का?

तरी म्हटलं, स्पार्क प्लगचं काम तर सारखंच असंल. तिथं एकच वाक्य: प्लग चांगला घट्ट आवळावा. आवळला. तिसऱ्या प्लगला पाना एकदम हलका झाला अन् माझ्या पोटात गोळा आला. प्लग काढून बघतो तर आट्यांत ॲल्युमिनियमचा चकाकता चुरा. हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे, आटे गेले! हेड उतरवून नवे आटे बसवायला मिस्त्रीनं अडीच हजार घेतले, तीन दिवस गाडी पडून, आईला दवाखान्यात रिक्षानं न्यावं लागलं.

14 मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडात 25 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, लागतो. हा जोर मोजणारा पाना, टॉर्क रेंच, नसंल तर नवा प्लग हातानं टेकेपर्यंत फिरवायचा अन् मग पान्यानं अर्धा फेरा, त्याहून जरासंच पुढं. बस. एवढी एक ओळ छापली असती तर माझं हेड वाचलं असतं.

गाडीसोबतच्या पुस्तिकेत पानोपानी ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’. मिस्त्री लोकांचं दुरुस्तीचं पुस्तक, वर्कशॉप मॅन्युअल, केंद्रात मागायला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ते बाहेर देत नाही. इंटरनेटवर सापडलेली पीडीएफ परदेशी मॉडेलची, अन् जो तक्ता पाहिजे तेच पान पुसट. केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात गाड्याही धरल्यात. गाडी माझी, हप्ते मी फेडले, अन् तिचा बोल्ट किती आवळायचा हे मलाच सांगायचं नाही?

परवा परत औरंगपुऱ्यात गेलो. दुसरं पुस्तक, तेही प्लास्टिकमध्येच. या वेळी स्पष्ट सांगितलं, इंजिनचा कोड, गाडीचं साल अन् टॉर्कचा तक्ता आत आहे का ते आधी दाखवा, तरच पैसे देतो. त्यानं पुस्तक उचलून परत मांडणीवर ठेवलं.