‘कपडे नाकारले, मूल नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलांच्या वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातल्या अनुभवांवर मी लिहिलं, त्यावर आपली सविस्तर प्रतिक्रिया आली. मिळाली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, पण ते पुसून टाकलं. आज चार दिवसांनी लिहिते आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलीला लहान झालेले २१ कपडे घेऊन मी अशा एका दुकानात विकायला गेले होते. ६ ठेवून घेतले, १५ परत केले. का परत केले ते काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं नाही. मागे रांगेत माणसं उभी असताना त्यांनी एक झबलं दोन बोटांत उचललं आणि माझ्या पिशवीत टाकलं. त्याच दुकानातून मी मुलीसाठी कितीतरी चांगले कपडे घेतले आहेत, हेही लेखात होतं. आपण ते वाचलंत की नाही, कळायला मार्ग नाही.

यावर आपण, अशाच दुकानात सात वर्षं काउंटर सांभाळल्याचं सांगून, लिहिलंत की जागा अपुरी असते, हंगाम बघावा लागतो, डागाचा कपडा विकला गेला तर दुसरं गिऱ्हाईक भांडायला येतं आणि गळ्याला नाडी असलेले कपडे घेताच येत नाहीत. शेवटी लिहिलंत: ‘तुमच्यासारख्या आयांना कपडे नाकारले म्हणजे मूलच नाकारलं असं वाटतं, तो दुकानाचा दोष नाही.’

आधी जिथे माझं चुकलं ते सांगते. नाडीचं जाकीट ‘उगाचच’ परत केलं, असं मी लिहिलं होतं. ते उगाच नव्हतं. आपण लिहिल्यावर मी शोधून वाचलं. टोपीच्या किंवा गळ्याच्या नाडीची गाठ घसरगुंडीच्या फटीत अडकते आणि खाली घसरणारं मूल गळ्याशी लटकतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ सालीच याबद्दल सूचना काढल्या होत्या, आणि युरोपच्या ईएन १४६८२ या मानकाप्रमाणे ७ वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी आणि गळ्याशी नाडी चालत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

पण मग मला एक सांगा, हेच त्या बाईंनी काउंटरवर का सांगितलं नाही? ‘नाडी आहे, मुलाला धोका असतो, म्हणून घेत नाही.’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्यांनी ते जाकीट गप्पपणे बाजूला सारलं. मला वाटलं, रंग जुना दिसत असेल. मी घरी आले आणि ते शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाला देऊन टाकलं. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर, परवा संध्याकाळी, त्यांच्याकडे जाऊन मी ती नाडी ओढून काढली. टोकाला प्लास्टिकचा मणी होता, तो भोकातून निघेना, शेवटी कात्रीने कापला. तो मुलगा तेच जाकीट घालून महिनाभर खेळत होता. कारण न सांगण्याचा दोष कोणाकडे जातो ते आता आपणच ठरवा.

आता ‘तुमच्यासारख्या आया’बद्दल. आपण मला ओळखत नाही. मी दुसऱ्याच्या कपड्यांतच वाढले आहे. माझ्या आधी दोन मावसबहिणी होत्या, त्यांचे फ्रॉक एकीकडून दुसरीकडे आणि मग माझ्याकडे यायचे. माझ्या एका निळ्या फ्रॉकच्या घेरावर दोन आडव्या रेघा होत्या, आजूबाजूच्या कापडापेक्षा गडद. जुनी दुमड उसवून फ्रॉक लांब केला की आतलं न विटलेलं कापड बाहेर येतं, त्याच्या त्या रेघा. एक थोरल्या बहिणीच्या वेळची आणि एक धाकटीच्या. शाळेत मुली त्या मोजायच्या. मला त्याची कधी लाज वाटली नाही. आणि आमच्याकडून पुढे कपडे देताना आई प्रत्येक काज ताणून बघायची, सुटलेलं बटण लावायची, उसवलेली शिवण घालायची आणि मगच घडी करायची. नवा कपडाही आमच्याकडे वाढत्या अंगाचाच घेतला जायचा. वापरलेले कपडे काय असतात आणि ते द्यायचे कसे, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. सात वर्षं काउंटरमागे उभं राहिलं म्हणजे समोरच्या बाईच्या मनातलं वाचता येतं, असंही नाही.

त्या झबल्याबद्दल आपण ‘एवढंसं झबलं, त्याचं केवढं’ असंही लिहिलंत. ते झबलं मुलीला घरी आणल्यानंतरचं पहिलं. पुढे तीन टिचबटणं, त्यातलं मधलं मी नवं लावलेलं. तिने ते जेमतेम पाच आठवडे घातलं असेल. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटीमीटरने वाढतं, वजन पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होतं. लांबीवरून जी मापं देतात ती ५६, ६२, ६८ अशी ६-६ सेंटीमीटरने चढत जातात, म्हणजे एक माप दोन-तीन महिन्यांचं सोबती. तेही कंपनीगणिक वेगळं, एकीचं सहा महिन्यांचं दुसरीच्या नऊ महिन्यांच्या बरोबरीचं. म्हणून तर ही दुकानं आहेत, आणि ती असावीत असं मला फार वाटतं. दुकानात जाण्याआधी मी प्रत्येक कपडा धुतला, खिडकीशी उजेडात धरून बघितला. दुधाचा डाग धुतल्यावर गेल्यासारखा वाटतो आणि कपाटात पडून राहिला की काही महिन्यांनी पिवळा उमटतो, हे आपण लिहिलंत, पण ते मला आधीपासून माहीत आहे. त्या झबल्याच्या गळ्याशी तसा डाग होता, नखाएवढा. तो मला दुकानातून परत आल्यावर दिसला. तो दाखवून ‘हा डाग आहे’ म्हटलं असतं तर मी स्वतःच ते पिशवीत घातलं असतं.

मला नकार सोसत नाही असं आपल्याला वाटतं, म्हणून दुसऱ्या एका दुकानातला अनुभव सांगते. तिथे काउंटरवर विशीतला मुलगा होता. मी १२ कपडे नेले, त्याने १० परत केले. पण एकेक हातात घेऊन, मला दाखवत. एका पायजम्याचं इलॅस्टिक त्याने ताणून सोडलं, ते तसंच लांब राहिलं. ‘ताई, हे गेलंय बघा, बदललंत तर घेईन.’ स्वेटरवर हात फिरवून म्हणाला, ‘याला गोळे आलेत.’ एका शर्टाचं सैल बटण त्याने बोटाने हलवून दाखवलं आणि म्हणाला की हे निघालं तर सरळ तोंडात जाईल. मी दहाच्या दहा कपडे परत आणले, पायजम्याला नवं इलॅस्टिक घातलं आणि पुढच्या आठवड्यात तो नेऊन दिला. तेव्हा माझं मूल कोणी नाकारल्यासारखं मला का नाही वाटलं?

हे दुकान इतर दुकानांसारखं नसतं. आज जी बाई पिशवी घेऊन विकायला आली आहे तीच दोन महिन्यांनी पुढचं माप शोधायला येणार असते. रांगेत मागे उभी असलेलीच्या हातातही तशीच पिशवी असते, आणि आपल्या पिशवीचं काय होणार ते ती समोर बघत असते. माझ्या मागची एकजण त्या दिवशी पिशवी न उघडताच निघून गेली. हे मी लेखातही लिहिलं होतं. आपल्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत तिच्याबद्दल एक शब्द नाही.

जागा, हंगाम, भांडायला येणारी गिऱ्हाइकं, हे सगळं खरं असेल. त्यावर मी काही म्हटलंच नव्हतं, त्यामुळे त्याला उत्तर देत नाही. घ्यायचं की नाही हा दुकानाचा हक्क आहे, यावर आपलं एकमत आहे असं समजते. आपण दमून-भागून घरी येऊन लिहिलं असेल, दिवसभर उभं राहणं सोपं नाही, तेही समजू शकते. पण ज्या सुरात मला लिहिलंत त्याच सुरात काउंटरवर बोलत असाल, तर त्या सात वर्षांत किती जणी पिशवी न उघडता परत गेल्या असतील, याचा विचार करा.

नाडीच्या जाकिटाबद्दलचं वाक्य मी लेखातून काढलं आहे आणि त्या जागी नाडीचा धोका लिहिला आहे. ‘दोन बोटांत उचललं’ हे शब्द काढावेत अशी आपली सूचना होती. ते काढणार नाही.