जहाजं फुटतात म्हणून बाजार चालतो

‘हरल्यावर सामान जाणं ही खेळाडूला निव्वळ शिक्षा’ हे ऑनलाइन खेळांवरच्या लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात बहुतेक जहाजं खेळाडूच खनिजांपासून बांधतात. फुटलेलं जहाज कायमचं जातं. त्यातलं काही सामान लुटणाऱ्याला मिळतं, उरलेलं नष्ट होतं. म्हणून तर खाणवाल्याच्या खनिजाला गिऱ्हाईक असतं! जानेवारी २०१४ मध्ये खेळातल्या बी-आर५आरबी या ठिकाणच्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं, गेली. ती पुन्हा बांधायला किती जणांचे हात लागले असतील?

मी तिथे मालवाहतूक करतो. धोक्याच्या भागात माल चढ्या भावाने खपतो, तो वाटेत लुटले जाण्याच्या भीतीमुळेच. ती वाट सुरक्षित करा, माझा धंदाच संपेल. नवख्यांना मुद्दाम हेरून मारणाऱ्यांवरचा लेखकाचा राग मात्र शंभर टक्के रास्त आहे.