फक्त २०० किलोमीटर

"मनालीहून काझा फक्त २०० किलोमीटर. नाश्ता करून निघू, जेवायला पोचू," असं साडू म्हणाला आणि हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याच्या आमच्या सहलीचा पाया चुकीच्या जागी घातला गेला.

त्याचाही दोष नाही. पंचवीस वर्षं पुणे-मुंबई करणारा माणूस. पृथ्वीवरचं कुठलंही अंतर तो 'लोणावळ्याला एक चहा' या मापाने मोजतो. काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, फार तर दोन चहा. हे माप वाटेतल्या कुंझुम खिंडीला लागू नाही, हे कळेपर्यंत तीन आठवडे गेले, फोनची बॅटरी गेली आणि साडूच्या एक्सेलच्या नऊ आवृत्त्या निघाल्या.

पहिला धक्का मोबाइलमधल्या नकाशाने दिला. एप्रिलचे दिवस होते. मनाली ते काझा रस्ता विचारला तर त्याने आम्हाला मनालीहून उलटं खाली आणलं, किन्नौरमार्गे अख्खा वळसा घातला आणि मग काझाला नेलं. साडू म्हणाला, नकाशा बिघडलाय. नकाशा ठणठणीत होता. स्पितीला वाड्यासारखी दोन दारं आहेत. पुढचं दार सिमल्याकडून: सतलजच्या काठाने किन्नौर, खाबला स्पिती नदी येऊन मिळते तिथून तिचा हात धरून नाको, ताबो, काझा. दरड आली नसेल तर हे दार बाराही महिने उघडं. मागचं दार मनालीचं, कुंझुमवरून. ते साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच उघडं असतं, एरवी बर्फाची कडी.

"पण आता बोगदा झालाय ना!" साडूने हुकमाचं पान टाकलं. मनालीजवळचा अटल बोगदा झालाय हे खरं. ३ ऑक्टोबर २०२० ला उद्घाटन झालं, ९.०२ किलोमीटर लांब, गाणी ऐकत पार होतो. पण त्याने टाळली ती रोहतांगची खिंड. कुंझुम आहे तिथेच आहे, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि त्याला कुणी भोक पाडलेलं नाही. बोगद्यातून बाहेर पडून ग्रांफूला काझाचा फाटा घेतला की पुढे बातलपर्यंत जे काही आहे, त्याला रस्ता म्हणायचं की नदीने वाळत घातलेले धोंडे, यावर मतभेद आहेत. २०० किलोमीटरला आठ ते दहा तास, आणि तेही सगळं सुरळीत असेल तर.

मी मनालीच्या एका ड्रायव्हरला फोन लावला.

"भैया, कुंझुम कब खुलेगा?"

"खुल जाएगा, सर जी."

"हाँ, लेकिन कब?"

"जब बर्फ हटेगी."

एवढं निखळ सत्य मला फोनवर आजवर कुणी सांगितलेलं नाही. साडूने मात्र एक्सेलच्या त्या चौकटीत लाल रंग भरला आणि 'ड्रायव्हर असहकार' अशी नोंद केली.

त्याच ड्रायव्हरने आणखी एक गोष्ट सांगितली, की वाटेतले नाले दुपारच्या आत पार करावे लागतात. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गाडीच्या दाराला लागतं. हे ऐकून साडू खचला. एक्सेलमध्ये नाल्याचा रकाना कुठे टाकायचा? दिवाणावर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "खाडी उतरायची तर भरती बघूनच निघतात ना? मग यात नवीन काय?" सासूबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं. त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या. आमच्या डोक्यात मात्र पहिल्यांदा उजेड पडला, की तिथे 'किती लांब' असं विचारायचंच नसतं, 'किती वाजता' असं विचारायचं असतं.

मग विरळ हवेचा प्रश्न आला. मनाली सुमारे २,००० मीटरवर. तिथून एका दिवसात कुंझुमवर चढलं की डोकं ठणकणार हे नक्की. म्हणून शहाणी माणसं सिमल्याकडून आत शिरतात, किन्नौरात मुक्काम करत हळूहळू चढतात आणि मनालीकडून बाहेर पडतात. पटलं. पण एका दाराने जाऊन दुसऱ्या दाराने निघायचं म्हटलं, की गाडीवाला रिकाम्या परतीचंही भाडं लावतो. तो आकडा ऐकल्यावर साडूने फोन शांतपणे ठेवला आणि उठून पंखा वाढवला.

आणि हे सगळं एका बाजूला, आमच्या सासरची खानदानी व्याधी दुसऱ्या बाजूला. या घरातल्या सगळ्या बायकांना गाडी लागते. सासूबाईंना लागते, बायकोला लागते, मेहुणीला तर गाडीत बसून फोनकडे नुसतं पाहिलं तरी लागते. गाडी कुठलीही घ्या, पुढची सीट एकच आणि हक्कदार तीन. मागची तिसरी रांग नकाशावर दिसत नाही, पण घाटात तिचं महत्त्व फार. या एका विषयावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दर पन्नास किलोमीटरला खांदेपालट असा तह झाला. पन्नास किलोमीटर म्हणजे तिथे अडीच तास होऊ शकतात हे लक्षात आल्यावर तह मोडला.

त्यातल्या त्यात कालका-सिमला रेल्वेवर कुणाचं दुमत नव्हतं. १९०३ सालची छोट्या रुळांची गाडी, शंभरावर बोगदे, २००८ पासून जागतिक वारशात. "९६ किलोमीटरला पाच तासांच्या वर?" साडूचा जीव कळवळला. पण आगगाडी लागत नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि तो ठराव मतदानाशिवाय पास झाला.

राहिला प्रश्न काझातून इकडेतिकडे फिरायचा. गोंपा म्हणजे तिथले बौद्ध मठ, पिन खोरं, वरची गावं. हिमाचल परिवहनाच्या बसचं वेळापत्रक साडूने मिळवलं आणि कपाळावर हात मारला. "हे बघा! पिन खोऱ्यातल्या मूद गावाची बस संध्याकाळी जाते आणि पहाटे परत येते. अंधारात जाऊन अंधारात यायचं? पर्यटकांनी बघायचं काय?"

"अगो बाई, मुक्कामी गाडी!" सासूबाई पहिल्यांदाच शेंगा बाजूला ठेवून म्हणाल्या.

मग लख्ख दिसलं. आमच्या गावातही ती होती. रात्री पाराजवळ उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि पहाटे हॉर्न वाजला की दूधवाले, शाळेची पोरं, कोर्टाची तारीख असलेले लोक डोळे चोळत चढायचे. गाडी गावच्या माणसाला तालुक्याला नेऊन संध्याकाळी घरी सोडण्यासाठी असते. काझा हा त्यांचा तालुका. आम्हीच उलट्या तोंडाने वेळापत्रक वाचत होतो. साडूने दहावी आवृत्ती काढायला घेतली होती, ती त्याने तशीच मिटली.

जुलैत गेलो. ठरवलेल्यातलं काय काय जमलं नाही ते सांगत बसत नाही. नाकोच्या अलीकडे दरडीपाशी चार तास उभे होतो आणि तेवढ्यात पुढच्या सीटची पाळी दोनदा बदलली. पण काझाच्या स्टँडवर दुपारी चारला मूदची बस खरोखरच लागली होती. टपावर पत्रे, सिमेंटच्या गोण्या आणि दाराशी कुणाच्या तरी घरचा नवा गॅसचा शेगडा. ड्रायव्हरच्या मागची सीट सासूबाईंनी रुमाल टाकून आधीच धरून ठेवलेली.

कंडक्टरने विचारलं, "माताजी, कहाँ का टिकट?"

सासूबाईंनी पर्स उघडली. "गाडी जिधर झोपती है, उधर का. पाँच."

त्याने काही न विचारता मूदची पाच तिकिटं फाडली.